सत्तर पौंडांची फुशारकी

दिवाळी अंकात शिकारीच्या धनुष्यावर लेख पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. बेळगावच्या माणसाचा धनुष्याशी संबंध काय? शिवाय आपल्या देशात हौशी शिकारीला बंदी. परंतु गेल्या गणपतीत आमच्या घरी याच विषयावरून असे भांडण पेटले की आरतीची वेळ टळून गेली. त्या भांडणात तीन पक्ष होते आणि तिन्ही पक्षांचे म्हणणे मला चुकीचे वाटले. तिथे मला कोणी बोलू दिले नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

प्रकरण असे. माझा पुतण्या अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. त्या राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम म्हणजे आपल्याकडची जत्राच. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत धनुष्याचा हंगाम चालतो आणि नोव्हेंबरात बंदुकीचे नऊ दिवस. परवाना लागतो, १९७३ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या नवशिक्याला आधी शिकारीचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. याच राज्याने १९३४ साली हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम सुरू केला. निसर्गरक्षणाचा विचार मांडणारे आल्डो लिओपोल्ड तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते आणि ते धनुष्ये स्वतःच्या हाताने तासत. तेव्हा ‘शिकार म्हणजे रानटीपणा’ एवढ्या एका वाक्यात तिथला प्रश्न संपत नाही.

शेजाऱ्यांच्या संगतीने आमच्या पुतण्यालाही हौस लागली. परवाना काढला, अभ्यासक्रम केला आणि सवलतीत मिळाले म्हणून सत्तर पौंडांचे कंपाउंड बो घरपोच मागवले. २०२३ च्या शरदात मी दोन महिने त्याच्याकडे होतो. परसात तो सराव करी तेव्हा मी पाहत असे. दोरी ओढताना धनुष्य आधी आभाळाकडे जाई, मग हिसका, मग ते खाली येई. मी विचारले, “अरे, एवढी झटापट कशाला?” तो म्हणाला, “काका, सत्तर पौंड आहे. सगळे एवढेच वापरतात.”

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तो झाडावरच्या मचाणात दोन तास थंडीत बसला होता. वीस यार्डांवर मादी आली. गारठलेल्या खांद्यांना ती दोरी ओढवेना. सवयीने धनुष्य आभाळाकडे गेले, ती हालचाल हरणीने टिपली आणि ती वळली. याने घाईने बाण सोडला, तो पोटात लागला. पोटाला लागलेले जनावर कित्येक तास सोडून द्यायचे असते, म्हणजे ते जवळच बसते आणि तिथेच मरते. हा घाबरून लगेच मागे धावला. आम्ही दोघे आणि शेजारचा म्हातारा विजेऱ्या घेऊन मध्यरात्रीपर्यंत रान धुंडाळत होतो. दुसरा दिवसही गेला. हरण सापडले नाही. पुतण्या दोन दिवस धड जेवला नाही.

त्या म्हाताऱ्याने एवढेच विचारले, “किती पौंड?” उत्तर ऐकून तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुतण्याला स्टुलावर बसवले, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायला लावले आणि सांगितले, धनुष्य समोर धरून सरळ मागे ओढ. पुतण्याला ओढता आले नाही. मग म्हाताऱ्याने स्वतःचे आणून दाखवले. पन्नास पौंडांचे होते. चाळीस वर्षे शिकार केलेला माणूस!

हे सारे पुतण्याने गणपतीत व्हिडिओवर आपण होऊन सांगितले आणि विचारले, “आता दुसरे कसले घेऊ?” तिथून भांडण सुरू झाले.

पहिला पक्ष म्हणाला, शिकारच सोड, पाप आहे. त्याने सोडली तर मला आनंदच होईल. पण हे सांगणारे आमचे नातेवाईक दर रविवारी मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभे असतात. आपल्या ताटातले जनावर कसे मेले हे त्यांनी कधी विचारलेले नाही. ज्याने कायद्याने परवाना घेऊन मारायचे ठरवले आहे, त्याने कसे मारावे हा प्रश्न पाप म्हटल्याने सुटत नाही. उलट, सगळेच पाप म्हटले की नीट मारणे आणि हालहाल करून मारणे यांतला फरकच पुसला जातो.

दुसरा पक्ष पुराणाभिमानी. “चाकांचे धनुष्य ही यंत्राची लबाडी आहे. घ्यायचे तर साधे घे, अर्जुनासारखे.” मी उद्यमबागेत चौतीस वर्षे यंत्रावर काढली, खंडेनवमीला लेथला हळद-कुंकू वाहिले, यंत्राला लबाडी म्हटलेले मला सोसत नाही. मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन या माणसाने १९६६ साली या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या अखेरीस त्याला ते मिळाले. साध्या धनुष्याची दोरी जितकी ओढावी तितकी जड होत जाते. पूर्ण ओढल्यावर सगळा भार बोटांवर असतो आणि नेम धरायचा तो त्याच क्षणी. ॲलनने दोन्ही टोकांना कॅम बसवले. कॅमचा आस मध्यावर नसतो. तो फिरत जातो तशी तरफ आपल्या बाजूला झुकते आणि शेवटच्या टप्प्यात हातावरचा भार उतरतो. ऐंशी टक्के सूट असलेल्या पन्नास पौंडी धनुष्यात पूर्ण ओढल्यावर हातावर दहाच पौंड, म्हणजे साडेचार किलो राहतात. हात थरथरत नाही, घाई होत नाही, आणि हरण वळले तर बाण न सोडता दोरी हळूच परत नेता येते. ही लबाडी कशी? जनावरावर दया करायला मिळालेला वेळ आहे तो. साधे धनुष्य वर्षानुवर्षे घोटणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पण नोकरी सांभाळून शनिवारी सराव करणाऱ्याने अर्जुनाचे नाव घेऊन जनावरावर प्रयोग करू नयेत.

तिसरा पक्ष जिममध्ये जाणाऱ्या तरुणांचा, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. “सत्तर जमले नाही ना? मग व्यायाम कर आणि ऐंशीचे घे. जनावर जागच्या जागी!” ही आपली जुनीच खोड. मुलाचे टक्के किती, मोटारसायकल किती सीसीची, लग्नाला माणसे किती! आकडा मोठा तेवढा माणूस मोठा. धनुष्य विकणारे हीच खोड ओळखून असतात.

त्यांच्या जाहिरातीत लिहिलेले असते, बाणाचा वेग सेकंदाला ३४० फूट. हा वेग मोजतात कसा? सत्तर पौंडांची ओढ, तीस इंच ओढीची लांबी आणि अवघा ३५० ग्रेन वजनाचा, म्हणजे तेवीस ग्रॅमच्या आतला बाण, अशा मापावर. आता आमचा पुतण्या. उंची साडेपाच फूट. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंतचे अंतर इंचात मोजायचे आणि त्याला अडीचने भागायचे, की ओढीची लांबी साधारण कळते. त्याची आली साडेसव्वीस. लांबी एक इंचाने घटली की वेग सुमारे दहा फुटांनी उतरतो. ओढ पन्नास पौंड केली, बाण शिकारीला साजेसा ४०० ग्रेनचा घेतला, की वेग २३० च्या आसपास आला. म्हणजे जाहिरातीतला वेग पुतण्याचा नव्हेच. तो कुणा उंच, दांडग्या माणसाचा आणि हलक्या बाणाचा. लोक मात्र त्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजतात.

“पण २३० ने हरण मरेल का?” मरते. त्या वेगाच्या ४०० ग्रेनच्या बाणात सुमारे पंचेचाळीस फूट-पौंड जोर असतो. एक पौंड वजन एक फूट उचलायला लागते ते एक फूट-पौंड. बाण बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत हरणासाठी पंचवीस ते एक्केचाळीस पुरे असे दिलेले असते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांचा कायदाही हरणासाठी तीस ते चाळीस पौंडांच्या ओढीवर समाधान मानतो. बाणाचे काम बंदुकीच्या गोळीसारखा धक्का देण्याचे नाही. धारदार फाळाने छातीतून आरपार जाण्याचे आहे. फाळ बोथट असेल किंवा पोटात लागला, तर ऐंशी पौंड काय कामाचे?

वेगाचे दुसरे समर्थन असे की दोरीचा आवाज ऐकून हरण दचकण्याआधी बाण पोचला पाहिजे. इथे साधे गणित मांडा. आवाज सेकंदाला अकराशे फूट धावतो. त्याला कुठलाच बाण हरवणार नाही. माझ्या २३० च्या बाणाला वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर, आवाजानंतर पोचायला पाव सेकंदाहून कमी लागतो. तीनशेच्या बाणाला चाळीस यार्डांवर त्याहून जास्त वेळ लागतो. मग वेग विकत घेण्यापेक्षा वीस पावले जवळ जाणे काय वाईट? त्याला पैसे पडत नाहीत, फक्त दम लागतो.

आणि सत्तर पौंडांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांकडे पाहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत पन्नास मीटरवरून पंधराच्या पंधरा बाण आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात घातले; दीडशेपैकी दीडशे. त्या स्पर्धांच्या नियमात साठ पौंडांपेक्षा जास्त ओढ चालतच नाही. जगज्जेत्याला साठ पुरतात आणि वीस यार्डांवरच्या आमच्या चिरंजीवांना सत्तर हवेत!

या सगळ्या गोंगाटात आमचे शेजारी, कन्नड शाळेचे निवृत्त मास्तर, प्रसादाची वाटी हातात घेऊन म्हणाले होते, “बिल्लु पेलवतंय तेवढंच घ्यावं की.” कोणी लक्ष दिले नाही. माझा सगळा लेख त्या एका वाक्यात आहे.

तेव्हा पुतण्याला, आणि परदेशात या वाटेला गेलेल्या आपल्या मुलांना, माझे सांगणे असे. धनुष्य दुकानात जाऊन, हातात धरून घ्या. स्टुलावर पाय उचलून बसा; जे सरळ मागे ओढता येईल ते तुमचे. थंडीत, जाड कपड्यांत, दोन तास बसल्यावर ओढायचे आहे हे लक्षात ठेवून त्यातूनही पाच पौंड वजा करा. बहुतेक धनुष्यांची ओढ साधारण दहा पौंडांच्या टप्प्यात कमीजास्त होते. पन्नास हवे असतील तर चाळीस ते पन्नासचे घ्या. सत्तरचे घेऊन ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणू नका, ते सहसा पन्नासवर उतरत नाही. ओढीची लांबी आपल्या हाताची, मित्राच्या हाताची नको. मचाणात फिरवायला तीस-तेहतीस इंची धनुष्य सोयीचे. दोरी आणि मूठ यांतले अंतर सात इंचांच्या जवळपास असू द्या. सहाच्या खाली गेले की वेग वाढतो, पण हाताची बारीकशी चूकही बाण विसरत नाही. बाण आणि फाळ यांवर काटकसर करू नका. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. सगळा जोर धनुष्याच्या पात्यांत परत जातो आणि ती फुटतात. आणि अंधारून आले की उतरा. शरयूकाठी दशरथाचा नेम चुकला नव्हता. न दिसणाऱ्यावर बाण सोडला, तिथेच श्रावणबाळ गेला.

हे वाचून इथल्या कोणा तरुणाच्या डोक्यात जांबोटी-खानापूरचे रान येत असेल, तर त्याने ते तिथेच थांबवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाण शब्दशः आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेच राहिलेले नाहीत. हौस असेल तर निशाणापुढे उभे राहा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा होणार आहे. तिथे ताकद दाखवायला भरपूर वाव आहे.

पुतण्याने आता पन्नासचे घेतले आहे. गेल्या हंगामात तो एकदाही बाण सोडल्याशिवाय घरी आला आणि फोनवर म्हणाला, “काका, वळली होती. दोरी परत नेली.” हरणाचे मांस खाल्ल्याची बातमी त्याच्याकडून अजून आलेली नाही. मला मात्र हीच बातमी चांगली वाटली.