पालक थकले आहेत, आता तुम्ही या

तुमच्या ओळखीत असं एक घर नक्की असेल. आई पंचाहत्तरीची, वडील ऐंशीला टेकलेले आणि मुलगा पंचेचाळीस वर्षांचा. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. त्याची दाढी अजून वडीलच करून देतात. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी वस्तरा बाजूला ठेवून ट्रिमर आणलाय. गोळ्या आई देते, पण सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली यात हल्ली तिचाच गोंधळ होतो. रात्री दिवा मालवला की दोघं एकच बोलतात. आपल्यामागे याचं कसं?

अशा घरांतल्या कितीतरी आया देवापुढे हात जोडून म्हणतात, "आमच्याआधी याला ने." पोटच्या पोरासाठी असं मागणं मागायची वेळ त्या बाईवर नशिबाने आणलेली नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून आणली आहे. म्हणूनच हे आवाहन तुम्हाला आहे. वाचून बाजूला ठेवू नका.

आजच का, असं विचाराल. कारण काळ बदलला आहे. पाश्चात्त्य देशांत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डाउन सिंड्रोम (बौद्धिक अक्षमतेचं एक जन्मजात कारण) असलेली व्यक्ती सरासरी पंचविशीपर्यंत जगत असे. आज तिथे हे आयुर्मान साठीच्या घरात गेलंय. हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या, औषधं आली, लोक मुलांना घरात दडवून ठेवीनासे झाले. आपल्याकडेही वारं त्याच दिशेचं आहे. पूर्वी आईबाप मुलाच्या मागे उरत. आता मुलं आईबापांच्या मागे उरू लागली आहेत. याहून चांगली बातमी नाही, आणि आपली तयारी नसेल तर याहून भयंकरही नाही. 2011 च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींची नोंद देशभरात 15 लाखांवर होती. ही फक्त नोंद झालेली माणसं. किती घरांनी दारात आलेल्या प्रगणकाला "आमच्याकडे तसं कुणी नाही" असं सांगितलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आजवर हे ओझं कुणी उचललं, तेही ऐका.

1944 साल. महायुद्ध चालू होतं, रेशनच्या रांगा होत्या, त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन शहर हादरलं होतं. होर्मसजी आणि जय वकील या नवराबायकोला मात्र वेगळीच काळजी होती. त्यांची मुलगी दीना हिला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. त्यांनी शाळाच काढली. शिवडीची 'जय वकील' संस्था ती हीच. देशातल्या या क्षेत्रातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. दोनच वर्षांनी, 1946 मध्ये, इंग्लंडात जूडी फ्रायड नावाच्या आईने आपल्यासारख्या पालकांना हाक घातली आणि त्यातून आजची 'मेनकॅप' ही मोठी संस्था उभी राहिली. दोन देश, दोन घरं, पण गोष्ट तीच. दार कुणी उघडेना, तेव्हा आईबापांनी स्वतः दार बांधलं.

पुण्यात 1964 मध्ये सिंधूताई जोशी यांनी 'कामायनी' ही शाळा सुरू केली. हळूहळू गावोगाव अशा शाळा निघाल्या. मुलं दात घासायला शिकली, बटण लावायला शिकली, बसचा नंबर ओळखायला शिकली. ही मामुली गोष्ट समजू नका. दात घासणं म्हणजे ब्रश उचलणं, ओला करणं, पेस्टचं झाकण फिरवणं, थोडीशीच पेस्ट काढणं... एकेका पायरीला कधी कधी महिना जातो. शिक्षिका पुष्कळदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधीचं सगळं त्या करून देतात, चूळ भरून ब्रश जागेवर ठेवणं तेवढं मुलाकडे. म्हणजे 'झालं!' म्हणण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचा. मग एकेक पायरी मागे सरकायचं. असली चिकाटी आपल्यातल्या किती जणांकडे आहे?

पण शाळा अठराव्या वर्षी संपते. मुलगा तर मोठा होतच राहतो. पुढे काय, हा प्रश्नही पुन्हा पालकांच्याच गळ्यात आला आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. माधवराव गोरे यांनी 1990 मध्ये पालकांना एकत्र करून 'आधार' संस्था सुरू केली आणि बदलापूरला प्रौढ मुलांसाठी कायमचं घर झालं. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' उभं राहिलं. कुणी भविष्य निर्वाहनिधीतले पैसे काढले, कुणी दागिने मोडले, कुणी निवृत्तीनंतर संस्थेचा हिशेब सांभाळला. या घरांच्या भिंती पालकांच्या पैशांवर आणि त्याहून जास्त त्यांच्या झोपेवर उभ्या आहेत.

आणि ज्यांना आईबापच नाहीत? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला जा. रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेल्या अपंग मुलांना शंकरबाबा पापळकरांनी तिथे आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पुरस्काराहून मोठी त्यांची मागणी आहे, आणि ती ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. कायद्याने मूल अठरा वर्षांचं झालं की बालगृहातून बाहेर पडतं. ज्याला रस्ता ओलांडता येत नाही, स्वतःचं नाव सांगता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाला जायचं कुठे? म्हणून अशा मुलांना आयुष्यभर तिथेच राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं. तुमचा आमदार मतं मागायला येईल तेव्हा त्याला हा प्रश्न विचारा. गटाराचं काम विचारताच ना? त्याच्या जोडीला हेही विचारा.

आता खरी धास्तीची गोष्ट. ज्या पिढीने या संस्था उभ्या केल्या ती पिढी थकली आहे, विश्वस्त म्हातारे झाले आहेत. सभेला यायचं तर कुणीतरी हात धरून आणावं लागतं. नवे पालक नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेले. रात्रपाळीला काळजीवाहक मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. जागा भरलेल्या असतात आणि प्रतीक्षायादीत नाव लावून पालक वाट बघत बसतात. यादी कशी पुढे सरकते, हे त्यांना ठाऊक असतं. ते उघड बोलत नाहीत इतकंच.

इथे तुम्ही हवे आहात.

देणगी देता? द्या. पण कशासाठी देता ते नीट बघा. इमारतीवर नावाची पाटी लागते म्हणून खोलीला पैसे मिळतात. काळजीवाहकाच्या पगाराला पाटी लागत नाही, म्हणून त्याला कुणी देत नाही. निवासी संस्थेचा प्राण त्या पगारातच आहे. रात्री दोन वाजता फिट आली तर धावून येतो तो माणूस, भिंत नव्हे. दरमहा थोडे द्या, पण न चुकता द्या. वाढदिवसाला केक घेऊन जाता, तेही छान. फक्त आधी फोन करा. एकाच रविवारी तीन केक आले तर मुलांची पोटं बिघडतात आणि धावपळ सांभाळणाऱ्या ताईंची होते.

दुकानदार असाल, कारखानदार असाल, तर काम द्या. दहापर्यंत मोजता न येणारी मुलगी दहा-दहा पेनांची पाकिटं अचूक भरताना मी पाहिली आहे. शिक्षिकेने पुठ्ठ्यावर दहा खाचा केल्या होत्या. प्रत्येक खाचेत एक पेन. एक खाच रिकामी दिसली की ती थांबायची, सगळ्या भरल्या की पाकीट बंद. दिवसभरात एक चूक नाही. पणत्या आणि राख्या तुम्ही सणाला घेता, पण सण वर्षातून एकदाच येतो. तुमच्या दुकानाला कागदी पिशव्या रोज लागतात. ती ऑर्डर जवळच्या कार्यशाळेला द्या. कीव म्हणून देऊ नका. माल तपासून घ्या, खराब असेल तर परत पाठवा, आणि पैसे वेळेवर द्या.

शेजारी असाल तर तुमचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मोलाचं. त्या आईला पुढच्या लग्नसराईत एवढंच म्हणा, "काकू, तुम्ही दोघं कार्याला जाऊन या. मी थांबते याच्याजवळ." कित्येक वर्षांत ती दोघं एकत्र कुठल्या लग्नाला गेलेली नाहीत. एक जण जातो, एक जण घरी राहतो. बघा विचारून. आणि तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत अशा मुलांचं केंद्र येणार असेल आणि विरोधाचा कागद फिरत आला, तर त्याच्यावर सही करू नका. सभेत उठून बोला. एक माणूस बोलला की बाकीचे वरमतात.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, पोटापाण्याचा विचार करताना विशेष शिक्षणाचाही करा. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले पदविका आणि पदवीचे अभ्यासक्रम आहेत. पगार फार मोठा नाही, खोटं कशाला सांगू? पण तुमची गरज मोठी आहे.

आणि आईवडिलांनो, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे. जीव ओतून सगळं करता, मग कागद तेवढे का टाळता? मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं. मग बँकेत, इस्टेटीच्या व्यवहारात त्याच्या वतीने तुमची सही आपोआप चालत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर वाट काढली आहे. तो कायदाही पालक संघटनांनी रेटा लावल्यावर झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा आणि कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्या. पुढचा पालक कोण, ते तुम्ही हयात असतानाच ठरवा. न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. तो काढा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढा. सरकारी पेन्शन असेल तर मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यासाठी त्याचं नाव आत्ताच नोंदवून ठेवा. तुम्ही गेल्यावर ते काम भावंडांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावतं. मृत्युपत्र करा.

भावंडांवर सगळं ढकलूनही देऊ नका आणि त्यांना अंधारातही ठेवू नका. "ताई बघेल" असं मनात धरून चालू नका. ताईला समोर बसवा आणि विचारा. ती नाही म्हणाली तर राग धरू नका. आज कळलं, हे बरं झालं म्हणा.

आणि एक वही घाला. साधी, दोनशे पानी. त्यात लिहा, पोटात दुखलं की तो सांगत नाही, डावा कान ओढतो. भाताला दही लावलं की गोळी घेतो, पाण्याबरोबर थुंकतो. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, तेव्हा त्याला गॅलरीत न्यायचं. अंघोळीला पाणी आधी हाताला लावायचं, मग अंगावर घ्यायचं. हे ज्ञान कुठल्याच डॉक्टरकडे नाही, फक्त तुमच्याकडे आहे, आणि तुमच्याबरोबरच ते जाईल. लिहा. वर्षातून दोन-चार रात्री त्याला मावशीकडे, संस्थेच्या शिबिराला पाठवा. आईशिवाय झोपायची पहिली रात्र आईच्या दहाव्याची असू नये.

वाचकहो, यातलं काहीच तुमच्या आवाक्याबाहेरचं नाही. मोर्चा काढायचा नाही, जमीन दान करायची नाही. आईबापांनी 1944 पासून एकट्याने ओढत आणलेल्या गाड्याला आता दुसरे हात लागले पाहिजेत, एवढंच. तुम्ही चांगली माणसं आहात. अपघात झाला तर थांबता, रक्त हवं असेल तर धावता. इथे सायरन वाजत नाही म्हणून तुम्हाला ऐकू गेलं नाही, इतकंच.

तेव्हा या आठवड्यातच जा. तुमच्या इमारतीतल्या, वाडीतल्या, आळीतल्या त्या घराची कडी वाजवा. दार उघडल्यावर त्याच्या डोक्यावरून आईशी बोलू नका. आधी त्याच्याशी बोला, त्याचं नाव घेऊन. मग आईला विचारा, "काकू, काय करू मी?" ती बहुतेक "काही नको हो" म्हणेल. तरी निघून येऊ नका. बसा.