18 तासांचा जयजयकार आणि पाऊण तासाचा प्रश्न

14 एप्रिल जवळ आला की विहारांत, ग्रंथालयांत, महाविद्यालयांत ‘सलग 18 तास अभ्यास’ करून बाबासाहेबांना अभिवादन केले जाते. डीजेपुढे नाचण्यापेक्षा पुस्तक घेऊन बसणे केव्हाही चांगले, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण भावना चांगली असली की प्रश्न विचारायचा नाही, असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवलेले नाही. म्हणून विचारतो, हे 18 तास आहेत कोणाकडे?

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. तिथला बी.ए.चा मुलगा रात्री अकरापर्यंत पार्सले पोचवतो. मुलगी आईसोबत दोन घरची धुणीभांडी उरकून कॉलेज गाठते आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे उभी राहते. त्यांच्या वाट्याला दिवसाचा जेमतेम पाऊण तास येतो. त्यांच्यापुढे 18 तासांचा आदर्श ठेवला की ती व्यवस्थेला प्रश्न विचारत नाहीत, स्वतःलाच कमी समजतात. ‘आपल्यातच जिद्द नाही’ हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. त्यानंतर अनेकांचे शिक्षण सुटते.

प्रेरणादायी वक्ते सांगतात, ‘सगळ्यांना दिवसाचे 24 तासच मिळतात.’ हे धादांत खोटे आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरचे बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बाई त्यावर रोज सरासरी 299 मिनिटे घालवते, तर पुरुष 97. वेळेचीही उतरंड आहे आणि ती आपल्या घरातही आहे. बहिणीच्या हातातले भांडे स्वतः घासायला न घेता ‘शिका’ म्हणणाऱ्या भावाने आधी आरशात पाहावे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी तर इतका अभ्यास केलाच ना! केला. पण त्यांनाही वेळ फुकट मिळाला नव्हता. बडोद्याची शिष्यवृत्ती संपली तेव्हा, 1917 मध्ये, लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते 1920 मध्ये पुन्हा गेले. ही झळ सोसलेल्या माणसाने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभारले, तेव्हा काय केले? नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याला घड्याळाप्रमाणे वाकवण्याऐवजी त्यांनी कॉलेजचे घड्याळ विद्यार्थ्यासाठी फिरवले. त्याआधी 1855 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली, तीही याच विचाराने. आपण मात्र त्यांचे तास मोजत बसलो आणि त्यांचे धोरण विसरलो.

आता पाऊण तासाचे काय करायचे, तेही बोलू. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवणारे पुढे गेले. म्हणजे नुसते रेघा ओढत वाचून काम भागत नाही. वीस मिनिटे वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, चुकले तेवढेच पुन्हा पाहा. तोच भाग उद्या, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने बसमध्ये उभ्या उभ्या आठवा. विहारात चौघांनी बसून एकमेकांना प्रश्न विचारा. एका दमात केलेल्या 18 तासांपेक्षा तेच 18 तास 24 दिवसांत पाऊण-पाऊण तासाने वाटले तर अधिक टिकतील.

पण एवढ्यावर थांबलो तर आम्हीही त्या वक्त्यांच्याच रांगेत जाऊ. पद्धत सुधारणे हे विद्यार्थ्याचे काम आहे, वेळ मिळवून देणे हे समाजाचे आणि शासनाचे. म्हणून आमची मागणी साधी आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक विहारात वर्षभर पहाटे आणि रात्री अकरापर्यंत उघडी राहील अशी अभ्यासिका चालवा. रात्रशाळांना पुरेसे शिक्षक द्या. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नको, फी भरायच्या वेळी द्या. कामगार विद्यार्थ्याला 75 टक्के हजेरीचा दंडुका दाखवण्याआधी वर्गाची वेळ बदला.

‘शिका’ हा आदेश फक्त पोरांसाठी नाही. त्यांना शिकता येईल असा समाज संघटित करणे ही आपली जबाबदारी आहे. वर्षातून एकदा 18 तास बसून ती फिटत नाही.

जयभीम!