घरी पाठविले, म्हणजे संपले काय?

लहान मूल रात्री घोरू लागले, की 'पोर गाढ झोपले आहे' असे समजण्याची आपली जुनी रीत आहे. वस्तुतः पुष्कळदा ती गाढ झोप नसतेच. वाढलेले टॉन्सिल व अडिनॉइड श्वासाची वाट अडवितात. श्वास मध्येच थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मूल दचकून उठते. अशा मुलांचे टॉन्सिल काढणे हा मान्य उपाय असून बहुतेकांना त्याने गुण येतो. प्रश्न आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या दोन आठवड्यांचा.

या मुदतीत काही मुलांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागते. त्याची कारणे अज्ञात नाहीत. घसा दुखतो म्हणून मूल पाणी पीत नाही आणि त्याच्या अंगातील पाणी कमी होते. पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास जखमेवरची खपली सुटून रक्तस्राव होऊ शकतो. श्वासरोधाच्या मुलांना तर पहिली रात्रच जोखमीची असते. अफूवर्गीय वेदनाशामकांनी त्यांचा श्वास धोकादायकपणे मंदावू शकतो. टॉन्सिल काढल्यावर मुलांना कोडीन देऊ नये, असा सक्त इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली दिला तो यामुळेच. तीन वर्षांखालील वा तीव्र श्वासरोधाच्या मुलांना रात्रभर रुग्णालयातच ठेवावे, असे तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सुचविले आहे.

खाटांची टंचाई आहे, हे खरे. परंतु ससूनसारख्या रुग्णालयात केवळ पुणेकर येत नाहीत. सुमारे ९० किलोमीटरवरील जुन्नरच्या मुलाला मध्यरात्री रक्त आले, तर आईबापांनी काय करावे? त्यांच्या हाती सोप्या मराठीतील एक चिठ्ठी हवी: मूल वारंवार गिळत असेल, ताजे रक्त थुंकत असेल, दिवसभर लघवी झाली नसेल किंवा झोपेत श्वास अडत असेल, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दूरच्या मुलांचा मुक्काम वाढवावा आणि घरी गेलेल्यांची दूरध्वनीने विचारपूस करावी.

परत आलेल्या मुलांची नोंद प्रत्येक रुग्णालयाने ठेवली पाहिजे. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो, 'आता कशाला आणले?' असे आईला ऐकविण्यात. कारण ते एकदा ऐकलेली आई पुढच्या वेळी उशीर करते, आणि तो उशीरच मुलाच्या जिवावर बेततो.