वर्दीतल्या वकिलाची पाठ कोण थोपटणार?

लष्करातले वकील म्हणजे ‘जॅग’. त्यांच्या भरतीत पुरुषांना जास्त जागा आणि मुलींना कमी, हे गणित सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मोडून काढलं. पण मेरिटवर आत जाणं ही झाली पहिली पायरी. पुढे आयुष्यभर चोख काम केलं तर त्याची दखल कशी घेतली जाते?

समजा, तुम्ही लॉ करताय. लष्करात जायचंय. मुलाखतीचे पाच दिवस तुम्ही घाम गाळला, मार्क चांगले मिळाले. यादी लागली आणि कळलं की तुमच्यापेक्षा कमी मार्क मिळालेला उमेदवार आत गेला, तुम्ही मात्र बाहेर. कारण एकच, तो मुलगा आणि तुम्ही मुलगी. कसं वाटेल?

दोन तरुणींच्या बाबतीत नेमकं हेच झालं. लष्कराच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेच्या, म्हणजे ‘जॅग’च्या ३१व्या कोर्सची जाहिरात निघाली. एकूण जागा नऊ. त्यातल्या सहा पुरुषांसाठी आणि तीन महिलांसाठी. या दोघी महिलांच्या यादीत चौथ्या आणि पाचव्या आल्या. निवड झालेल्या काही पुरुषांपेक्षा त्यांचे मार्क जास्त होते. तरी जागा नाही. दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

सरकारचं म्हणणं काय होतं, तेही ऐकायला हवं. जॅग अधिकारी हा नुसता वकील नसतो, आधी तो लष्करी अधिकारी असतो. वेळ पडली तर त्याला लढाऊ भूमिकेतही पाठवता येतं. त्यामुळे पुरुष किती आणि महिला किती घ्यायच्या, हे लष्कराला ठरवू द्या, असा तो मुद्दा.

११ ऑगस्ट २०२५ रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने अर्शनूर कौर विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल दिला. लष्कर कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना कोणत्या शाखेत घ्यायचं, हे सरकार ठरवू शकतं. पण एकदा त्या शाखेचं दार उघडलं की ‘आत इतक्याच या’ असं वेगळ्या धोरणाने सांगता येत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं. पुरुष आणि महिला यांची एकत्र गुणवत्ता यादी लावा, असाही आदेश दिला. पूर्वी महिलांना घेतलं नव्हतं, त्याची भरपाई म्हणून निम्म्या जागा तरी त्यांना द्या; आणि मेरिटमध्ये निम्म्याहून जास्त मुली येत असतील तर त्यांना निम्म्यावर अडवू नका, हेही सांगितलं. दोघींपैकी एकीला जॅगमध्ये घेण्याचा आदेश झाला. दुसरी खटला सुरू असतानाच नौदलात दाखल झाली होती. चांगली मुलं-मुली कोणासाठी थांबून राहत नाहीत, हे यातून दिसतंच.

पहिली कॅडेट, क्रमांक ००१

या निकालाचं मोल कळायला तीसेक वर्षं मागे जावं लागेल. १९९२ मध्ये लष्कराने वैद्यकीय सेवांबाहेरच्या शाखांचं दार महिला अधिकाऱ्यांसाठी पहिल्यांदा उघडलं. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत २५ जणींची पहिली तुकडी दाखल झाली. त्यात कॅडेट क्रमांक ००१ होत्या प्रिया झिंगन. मुलींनाही लष्करात घ्या, असं पत्र त्यांनी थेट तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल सुनीथ रॉड्रिग्ज यांना लिहिलं होतं. त्यांना जायचं होतं पायदळात. ते मिळालं नाही. कायद्याची पदवी होती, म्हणून मार्च १९९३ मध्ये त्या जॅगमध्ये अधिकारी झाल्या.

म्हणजे गंमत बघा, भारतीय लष्करात वैद्यकीय सेवांबाहेरच्या महिला अधिकाऱ्यांचा इतिहास सुरू होतो तोच एका लष्करी वकिलापासून. पण त्या करिअरला वर झाकण होतं. महिलांना तेव्हा फक्त शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळायचं. दहा वर्षांच्या सेवेनंतर त्या मेजर म्हणून बाहेर पडल्या. जॅगमधल्या महिलांना कायमस्वरूपी कमिशनची वाट खुली झाली ती २००८ मध्ये. बाकीच्या अनेक शाखांतल्या महिलांना तर १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया निकालापर्यंत थांबावं लागलं.

आता जरा हिशेब मांडा. ज्या माणसाला दहाव्या वर्षी घरी जावं लागतं, त्याची ‘उल्लेखनीय कारकीर्द’ घडणार कधी आणि तिचा गौरव होणार कधी? लष्करात मोठं काम वरच्या हुद्द्यावर होतं. तिथपर्यंत पोहोचायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. आधी शिडी काढून घ्यायची आणि मग ‘वरच्या पायरीवर बाई का दिसत नाही’ असं विचारायचं, हा उलटा न्याय झाला.

हे लोक करतात तरी काय?

कोर्ट मार्शल म्हटलं की आपल्यासमोर सिनेमातलं कोर्ट येतं. कडक वर्दी, जोरदार डायलॉग, शेवटच्या मिनिटाला फिरणारा साक्षीदार. खरं काम यापेक्षा बरंच शांत आणि किचकट असतं.

लष्कर कायदा १९५० चा. त्यात कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत. सगळ्यात मोठं जनरल कोर्ट मार्शल. तिथे निकाल देणारे असतात लष्करी अधिकारी, ज्यांनी बहुधा कायदा शिकलेला नसतो. त्यांच्यासोबत एक जज ॲडव्होकेट बसतो. त्याला मत देण्याचा अधिकार नाही. कायदा काय म्हणतो, कोणता पुरावा चालतो, कोणता चालत नाही, हे सांगायचं. निकाल काय लावायचा, ते बाकीचे ठरवतात. त्यानंतरही वरिष्ठांनी शिक्कामोर्तब केल्याशिवाय तो निकाल पक्का होत नाही.

शिवाय शिस्तभंगाच्या प्रकरणात कमांडरला सल्ला देणं, सशस्त्र दल न्यायाधिकरणातली आणि हायकोर्टातली प्रकरणं सांभाळणं, पेन्शनचे वाद, युद्धात काय करता येतं आणि काय नाही हे सांगणारे जिनिव्हा करार, हे सगळं याच लोकांकडे. आणि हे सगळं शिकायचं ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे. नागपूरजवळच्या कामठीत लष्करी कायद्याची संस्था आहे. कामठी म्हटलं की आपल्याला छावणी आठवते. देशाचे लष्करी वकील तिथे घडतात, हे मात्र आपल्यापैकी कितीजणांना माहीत असतं?

जेवला नाही म्हणून नोकरी गेली

एक प्रकरण सांगते, म्हणजे या कामात पणाला काय लागलेलं असतं ते कळेल.

साल १९८५. रणजित ठाकूर नावाचा एक सिग्नलमन. त्याने आपल्यावर अन्याय होतोय अशी तक्रार थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली. मधले अधिकारी डावलले म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. त्या कैदेत असताना त्याला जेवायचा हुकूम दिला गेला, तो त्याने मानला नाही. झालं! दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल. एक वर्षाची सक्तमजुरी आणि नोकरीतून बडतर्फी.

समरी कोर्ट मार्शलमध्ये कमांडिंग ऑफिसर एकटाच कोर्ट असतो. तिथे जज ॲडव्होकेट हवाच, अशी सक्ती नाही. आणि या प्रकरणात कोर्टावर बसलेले अधिकारी तेच होते, ज्यांच्याविरुद्ध त्या जवानाची तक्रार होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी कारवाई रद्द केली. ‘या कोर्टाबद्दल तुझा काही आक्षेप आहे का’ हा कायद्याने विचारायलाच हवा असा प्रश्न त्याला विचारलेला नव्हता. पक्षपाताची शंका होती. आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा भलतीच मोठी होती.

आता कल्पना करा. त्या दिवशी एखादा जाणता जॅग अधिकारी जवळ असता आणि म्हणाला असता, ‘सर, या केसमध्ये तुम्ही बसू नका,’ तर? एका जवानाची नोकरी वाचली असती, लष्कराची नाचक्कीही टळली असती. पण त्या अधिकाऱ्याला त्यासाठी कोणी पदक दिलं असतं का? नाही. कारण घडलंच काही नसतं! बातमी नाही, खटला नाही, फोटो नाही. लष्करी वकिलाचं सगळ्यात चांगलं काम हे असं असतं. अन्याय होण्याआधीच थांबतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

कोर्ट मार्शलविरुद्ध नीट अपील करायची सोय नाही, ही खंत सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच बोलून दाखवली होती. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. लष्करी न्याय नीट नसेल तर काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये फाशी सुनावली, तेव्हा आपण सगळे संतापलो होतो. भारतीय वकिलातीला त्यांना भेटूच दिलं नव्हतं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं आणि शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं. दुसऱ्याच्या लष्करी कोर्टाकडून आपण न्यायाची अपेक्षा करतो, तेव्हा आपलं कोर्ट आधी स्वच्छ असावं लागतं.

शाबासकीची किंमत

पदकं मिळतच नाहीत, असं नाही. विशिष्ट सेवा पदक, अतिविशिष्ट सेवा पदक ही सेवेसाठीची पदकं जॅग अधिकाऱ्यांनाही मिळू शकतात. प्रश्न वेगळाच आहे. ज्याला ‘हे कायद्यात बसत नाही’ म्हणून सांगायचं, तो हुद्द्याने वरचा. आणि आपल्या बढतीची शिडीही त्याच फौजेतली. अशा वेळी खरं बोलणाऱ्याचं कौतुक होतं की त्याला बाजूला सारतात?

अमेरिकेतलं उदाहरण बोलकं आहे. चार्ल्स स्विफ्ट हे अमेरिकी नौदलातले लेफ्टनंट कमांडर, पेशाने जॅग. ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर सलीम हमदान ग्वांतानामोच्या तुरुंगात होता. त्याचं वकीलपत्र स्विफ्ट यांना देण्यात आलं. गुन्हा कबूल करून प्रकरण मिटवावं, अशी अपेक्षा होती. स्विफ्ट यांनी उलट लष्करी आयोगांनाच आव्हान दिलं. सोबत होते भारतीय वंशाचे कायद्याचे प्राध्यापक नील कत्याल. २९ जून २००६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या एका मोठ्या कायदेविषयक साप्ताहिकाने देशातल्या शंभर प्रभावशाली वकिलांत त्यांचं नाव घेतलं. आणि नौदलाने? निकालानंतर साधारण दोनच आठवड्यांत त्यांना कळलं की बढती मिळणार नाही. ‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ या नियमाने पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निकाल आणि बढती यांचा संबंध होता, असं कोणी सिद्ध केलं नाही. पण तरुण जॅग अधिकाऱ्यांनी त्यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी लष्कर, नौदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांसाठी नवे सर्वोच्च कायदा अधिकारी नेमण्याची घोषणा केली. आदेशांच्या वाटेत अडथळे नकोत, अशा अर्थाचं कारण दिलं. वकिलाचं कामच मुळी कधीतरी वाट अडवणं हे आहे. तेच नको असेल तर वकील कशाला हवा?

मग दखल घ्यायची कशी?

पहिली दखल भरतीच्या यादीत घ्यावी. ज्याचे मार्क जास्त, त्याचं नाव वर. २०२५ च्या निकालाने ते झालं, आता दर कोर्सला पाळलं जातंय का ते पाहायला हवं. दुसरी दखल बढतीत. लष्कराच्या जॅग शाखेचा प्रमुख मेजर जनरल हुद्द्याचा असतो. त्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट आज आत शिरणाऱ्या मुलींसाठी खरोखर मोकळी आहे का, हे येत्या वीस वर्षांत दिसेल. २०१९ मध्ये लेफ्टनंट कर्नल ज्योती शर्मा सेशेल्समध्ये लष्करी कायदेतज्ज्ञ म्हणून गेल्या. परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या त्या पहिल्या महिला जॅग अधिकारी ठरल्या. म्हणजे संधी दिली की काम दिसतं.

तिसरी दखल सगळ्यात अवघड. नको असलेला पण बरोबर सल्ला देणाऱ्याची. त्यासाठी दरबारात टाळ्या वाजवायची गरज नाही. त्याचं करिअर त्या सल्ल्यामुळे थांबणार नाही एवढी हमी पुरे. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला आपल्यावर अन्याय झाला तर कोणीतरी नियमाचं पुस्तक उघडेल असा भरवसा असला, की हुकूमही तो मनापासून पाळतो.

चौकट : जॅगमध्ये जायचंय?

- कायद्याची पदवी, तीन किंवा पाच वर्षांची, किमान ५५ टक्के गुण.
- वय २१ ते २७ वर्षं. मुलं-मुली दोघंही अर्ज करू शकतात.
- ‘क्लॅट पीजी’चा स्कोअर लागतो. लष्कराची वेगळी लेखी परीक्षा नाही. थेट पाच दिवसांची एसएसबी मुलाखत.
- ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. पळणं, चढणं, शस्त्रं, सगळं बाकीच्यांसारखंच.
- सुरुवातीला दहा वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, चार वर्षांनी वाढवता येतं. कायमस्वरूपी कमिशनसाठीही विचार होतो.
- अर्ज करण्याआधी लष्कराच्या भरती संकेतस्थळावरची ताजी जाहिरात वाचा. आणि जागांचा रकाना नीट बघा!