नव्या प्रयोगशाळेत कोणते सॉफ्टवेअर?

शाळेच्या जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत येत्या जूनपासून इलेक्ट्रॉनिक्सची छोटी प्रयोगशाळा सुरू होणार, हे मागील अंकात सर्वांनी वाचलेच असेल. विश्वस्त मंडळाचे त्याबद्दल मनापासून आभार. पण आभार मानून गप्प बसावे अशी स्थिती नाही. खोली ठरली, टेबले ठरली, बोर्ड किती घ्यायचे हेही जवळजवळ ठरले. ज्यावर सगळे अवलंबून आहे त्या सॉफ्टवेअरविषयी मात्र अजून कोणी फारसे बोललेले नाही. शनिवारचा वर्ग चालवणारे आम्ही काही पालक आणि माजी विद्यार्थी त्याविषयी आमचे मत इथे मांडत आहोत.

मंडळापुढे सध्या एका कंपनीचा प्रस्ताव आहे. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण असे प्रस्ताव घेऊन बरेच जण शाळाशाळांतून फिरत असतात. रंगीत पेटी, पेटीत बोर्ड आणि सेन्सर, टॅबलेटवर चालणारे ॲप, शिक्षकांसाठी तयार धडे. दिसायला सगळे देखणे. अटी मात्र बारीक अक्षरांत आहेत. ॲपचे शुल्क दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी भरायचे. मुलाने लिहिलेला प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर राहणार, इंटरनेट नसेल तर काम थांबणार, आणि तो बोर्ड दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला दाद देणार नाही. आमच्या ओळखीच्या एका शाळेत अशीच पेटी आली होती. तिसऱ्या वर्षी शुल्क भरणे जमले नाही, आणि आता ते बोर्ड कपाटात कुलूपबंद आहेत. बोर्ड बिघडलेले नाहीत. त्यांच्याशी बोलायची वाट बंद झाली आहे, एवढेच.

दुसरा मार्ग फुकट मिळणाऱ्या, खुल्या साधनांचा. त्याची थोडी ओळख करून देणे भाग आहे, कारण पुष्कळ पालकांना 'आर्डुइनो' हा शब्द मुलांच्या तोंडूनच प्रथम ऐकू आला.

उत्तर इटलीत इव्हरेआ नावाचे एक लहान गाव आहे. ऑलिव्हेट्टी टंकलेखन यंत्रांचा कारखाना १९०८ साली तिथेच निघाला. त्याच गावातल्या एका डिझाइन संस्थेत २००५ साली मास्सिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा बोर्ड तयार केला. विद्यार्थी अभियंते नव्हते, डिझाइन शिकणारे होते. त्यांना दिवा लावायचा, मोटर फिरवायची, आणि तेवढ्यासाठी महागडी यंत्रणा परवडत नव्हती. गावात एका मध्ययुगीन राजाच्या नावाचा बार होता, तेच नाव बोर्डाला मिळाले. ह्या कामाचा पाया त्याच संस्थेत एर्नांडो बारागान ह्या कोलंबियन विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी केलेल्या 'वायरिंग' ह्या प्रकल्पाने घातला होता. त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, ह्याची आम्हांला रुखरुख वाटते, म्हणून इथे मुद्दाम घेतले.

आज शाळांतून जास्त दिसतो तो 'ऊनो' बोर्ड. त्यातल्या चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट जागा आहे आणि चालू कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. खिशातल्या मोबाइलशी तुलनाच नको. दिवा लुकलुकवणारा पहिला प्रोग्राम भरला की पडद्याच्या खालच्या पट्टीत मजकूर उमटतो : ३२,२५६ पैकी ९२४ बाइट वापरले, २ टक्के. सातवीतल्या मुलाला हा आकडा दिसतो आणि तो लगेच विचारतो, ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ व्हायला हवेत, मग ५१२ गेले कुठे? ते ५१२ बाइट बूटलोडरचे. यूएसबीतून येणारा नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम तिथे आधीच बसलेला असतो. हा प्रश्न विचारायला आम्ही शिकवले नव्हते. साधनाने आकडा दाखवला म्हणून तो प्रश्न निघाला.

आर्डुइनोच्या आयडीईमध्ये बाणाचे बटण दाबले की काय होते तेही बघण्यासारखे आहे. मुलाने लिहिलेल्या 'सेटअप' आणि 'लूप' ह्या दोन भागांना सॉफ्टवेअर आपल्याकडून काही ओळी जोडते, सगळे जीसीसी नावाच्या कंपायलरकडे सोपवते, तयार झालेली फाइल ॲव्हरड्यूड नावाच्या दुसऱ्या साधनाकडे देते, आणि ते साधन ती बोर्डात उतरवते. हे सगळे झाकलेले असते, आणि नवशिक्यासाठी झाकलेलेच बरे. फरक इतकाच की हे झाकण उचलता येते. प्रेफरन्सेसमध्ये दोन खुणा केल्या की प्रत्येक आज्ञा ओळीने समोर येते.

हे झाकण का उचलता आले पाहिजे, ह्याचे एक उदाहरण गेल्या पावसाळ्यानंतरच्या वर्गातले. नववीतल्या एका मुलाने तुळशीच्या कुंडीसाठी पंप जोडला. दर दहा मिनिटांनी माती तपासायची आणि कोरडी असेल तर पाणी सोडायचे. थांबण्याची आज्ञा मिलिसेकंदांत द्यावी लागते, म्हणून त्याने १० गुणिले ६० गुणिले १००० असे लिहिले. गणित बरोबर, उत्तर सहा लाख. पण यंत्र दहा मिनिटांऐवजी जेमतेम दहा सेकंद थांबे. त्याने तारा बदलल्या, सेन्सर बदलला, बोर्डही बदलून पाहिला. शेवटी कंपायलरच्या इशाऱ्यांचा पर्याय 'नन' वरून 'ऑल' वर नेला, तेव्हा खालच्या पट्टीत ओळ आली : गुणाकार मर्यादेबाहेर जातो आहे. ऊनोवर साध्या पूर्णांकाला १६ बिट मिळतात, म्हणजे ३२,७६७ ही वरची हद्द. सहा लाख त्यात मावत नाहीत. ६५,५३६ चे नऊ हप्ते गळून पडतात आणि उरतात १०,१७६ मिलिसेकंद, म्हणजे दहा सेकंद आणि थोडे. मुलाने फळ्यावर हा भागाकार स्वतः करून दाखवला आणि दहाच्या पुढे 'एल' हे एक अक्षर घालून दुरुस्ती केली. बाकी काढण्याचा हिशेब तो प्राथमिक शाळेत शिकला होता. तो असा कुठे उपयोगी पडेल असे त्याला वाटले नव्हते.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनीच्या ॲपमध्ये 'दहा मिनिटे थांबा' असा ठोकळाच आहे. तिथे ही अडचण आलीच नसती, तुळशीला पहिल्या दिवसापासून वेळेवर पाणी मिळाले असते. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी हेच योग्य आहे असे आम्हीही मानतो. पण ठोकळ्यांसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली बीबीसीने सुमारे दहा लाख शाळकरी मुलांना 'मायक्रोबिट' हा बोर्ड फुकट वाटला. त्याच्यासाठी असलेले मायक्रोसॉफ्टचे 'मेककोड' हे साधन विनामूल्य आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. त्यात ठोकळे रचले की एका बटणाने तोच प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथनमध्ये लिहिलेला दिसतो. ठोकळ्यांकडून अक्षरांकडे जायला तिथे जिना आहे. प्रस्तावातल्या ॲपमध्ये आम्हांला तो कुठे सापडला नाही. ठोकळे संपले की तिथे सगळेच संपते, आणि काही बिघडले तर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढीच पाटी येते.

आठवीपासून पुढे आर्डुइनो असावा. नववी-दहावीच्या ज्या मुलांना पायथनची गोडी आहे त्यांना रास्पबेरी पाय पिको आणि 'थॉनी' हे एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेले सॉफ्टवेअर द्यावे. त्यात एक ओळ लिहून एंटर दाबले की बोर्ड तत्काळ उत्तर देतो, मुले त्यावर फार खूश असतात.

पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : हे सगळे इंग्रजीत, मग आपल्या मुलांचे कसे होणार? आपली मुले घरी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांतून रोज ये-जा करतात, तेव्हा आम्हांला त्याची फारशी काळजी वाटत नाही. आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात हे खरे. पण दोन तिरप्या रेघांच्या पुढे लिहिलेले कंपायलर वाचतच नाही, तिथे देवनागरीत हवे ते लिहावे. आमच्या वर्गात टिपा मराठीतच लिहायच्या असा नियम आहे. चलांची नावेही रोमन अक्षरांत का होईना, 'पाणी', 'दिवा', 'कुंडी' अशी असतात. देवनागरी अक्षर चुकून आज्ञेच्या ओळीत शिरले तर कंपायलर 'स्ट्रे ३४०' अशी तक्रार करतो, आणि वर्डच्या फाइलमधली वळणदार अवतरणचिन्हे आली तर 'स्ट्रे ३४२'. अशा तक्रारी आणि त्यांचे मराठीतले अर्थ लिहिण्यासाठी एक वही टेबलावर ठेवली आहे. ती मुलेच भरतात. मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल'चे पुष्कळ धडे मराठी निवेदनासह मिळतात, तेही जोडीला आहेत.

शाळेचे संगणक जुने आहेत, हा आक्षेप खरा आहे. आयडीईची २०२२ साली आलेली दुसरी आवृत्ती त्यांवर चालणार नाही, तिला ६४ बिटचे विंडोज १० लागते. पण आधीची १.८.१९ विंडोज ७ वरही चालते, पेनड्राइव्हवर ठेवून घरीही नेता येते, आणि एकदा बसवली की ऊनोसाठी इंटरनेट लागत नाही.

फुकट म्हणजे बिनकष्टाचे, असे मात्र कोणी समजू नये. बाजारात पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या नकली ऊनोवर बहुधा सीएच३४० नावाची वेगळी चिप असते. तिचा ड्रायव्हर संगणकावर नसेल तर बोर्ड दिसतच नाही, आणि पहिले दोन शनिवार त्यातच जातात. विज्ञानाच्या बाईंवर आधीच तीन वर्गांचा भार आहे. म्हणून आमची मंडळाला विनंती आहे की ॲपच्या शुल्कासाठी बाजूला काढलेली रक्कम वाचवू नये. ती आठवड्यातून दोन अर्धे दिवस येणाऱ्या साहाय्यकाच्या मानधनाला लावावी. शहरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी काही कमी नाहीत. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि जिथे दादासाहेब फाळके शिकले, तिथे हाताने काम शिकवणारा माणूस मिळणार नाही असे आम्हांला वाटत नाही.

'उद्या आर्डुइनोवालेही पैसे मागू लागले तर?' असे एका विश्वस्तांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम ह्या अमेरिकन कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केलेही. पुढे त्यांचे धोरण काय राहील हे त्यांचे ते जाणोत. पण आयडीईचा परवाना खुला आहे. आज उतरवून घेतलेली प्रत आपलीच राहते, ती दूरवरून कोणी बंद करू शकत नाही, आणि तिचा सोर्स कोड घेऊन दुसरे कोणीही काम पुढे नेऊ शकते. प्रस्तावातल्या ॲपबद्दल असे म्हणता येईल का, हे मंडळाने कंपनीला लेखी विचारावे. शुल्क थांबल्यावर बोर्ड चालतील का आणि मुलांचे प्रोग्राम त्यांना परत मिळतील का, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे.

निर्णयापूर्वी विश्वस्तांनी एकदा शनिवारी दुपारी वर्गात येऊन बसावे, कंपनीची पेटीही तिथेच आणावी आणि दोन्ही मुलांच्या हाती द्यावीत. पालकांसाठी एक छोटी सूचना : ऊनोला लागणारी केबल जुन्या प्रिंटरचीच असते. घरी पडून असेल तर शाळेच्या कार्यालयात आणून द्यावी, आम्हांला अजून बऱ्याच हव्या आहेत.