गुलाल न लागलेला बैल : ठेवावा की विकावा?

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून निफाड-सिन्नरकडे एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, खोंड पळतो झकास, पण गुलाल काही लागत नाही. काढून टाकू का?"

आधी दात बघा. आदत किंवा दुसा असेल तर घाई नको, अंग अजून भरायचंय. जुळलेला बैल मात्र वर्षभर मैदानं करूनही मागेच राहिला, तर फार आशा धरू नये.

मग जोडीदार. डावीकडे पळणारा बैल उजवीला जुंपला की बिचकतो, दोष मात्र त्याच्याच माथी. दोन-तीन जोड्या बदलून पाहा. सेकंदांचं म्हणाल, तर एका घाटाचे सेकंद दुसऱ्याला लावू नका. चढ वेगळा, माती वेगळी. त्याच दिवशी त्याच घाटात पहिल्या गाड्यापेक्षा किती मागे राहिला, तेवढंच धरा. शेवटच्या टप्प्यात ढिला पडतो का? धाप किती वेळानं बसते? खूर, गोचीड, जंत डॉक्टरांकडून तपासून घ्या. लम्पी होऊन गेलेल्या जनावराला सावरायला वेळ लागतो.

चाबूक, काठी, बॅटरी यांना नियमात बंदी आहे. त्यामुळे मारल्याशिवाय न पळणारा बैल घेणं म्हणजे पैसा मातीत. मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून इसार देऊ नका. मालकाला सांगा, हात न लावता एकदा पळवून दाखव.