बाळाचे औषध आणि घरातला चमचा

2020 साली केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला आणि निपाणीत घरोघर पातेली गॅसवर चढली. आमच्या घरी आजोबांना जो पेला, तोच सात वर्षांच्या चुलतभावाला. त्याने पहिला घोट अंगणात थुंकला आणि पाठीत धपाटा खाल्ला. तेव्हा मला तो लाडावलेला वाटला. आज वाटते, चूक त्याची नव्हती. काय द्यायचे यावर आपण तासन्‌तास बोलतो. कसे आणि किती द्यायचे, याचा विचार मात्र कोणी करत नाही.

जुन्या वैद्यांनी तो केला होता. सुश्रुतसंहितेत मुलांचे तीन वर्ग आहेत: नुसते दूध पिणारे, दूध व अन्न दोन्ही घेणारे आणि जेवणारे. पहिल्या वर्गातल्या बाळाला बोटाच्या दोन पेरांत धरता येईल एवढेच औषध, दुसऱ्याला बोराच्या आठळीएवढा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा, आणि तिसऱ्याला बोराएवढा. शिवाय अंगावर पिणाऱ्या बाळासाठी औषध वाटून आईच्या स्तनाला लावावे, असेही सांगितले आहे. नाक दाबून पेला ओतण्याची कल्पना यात कुठेच नाही. चीनमधल्या वैद्यकातही काढा, चूर्ण आणि गोळी असे प्रकार पूर्वापार आहेत, आणि आता गरम पाण्यात विरघळणारे दाणेदार औषधही तिथे मिळते. म्हणजे कडू औषध आणि लहान जीभ यांचे भांडण सगळीकडचेच!

आपल्याकडे त्यावर तोडगा होता गुटीचा. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम. एकेक जिन्नस सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचा. मात्रा वेढ्यांवर मोजायची: बाळ लहान तर एक वेढा, वाढले की दोन. मी कॉमर्सचा विद्यार्थी. इतके सोपे मापन मला हिशेबाच्या पुस्तकातही आढळलेले नाही. पण त्याचा भाबडा अभिमान बाळगणेही मला पटत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीच नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. वेखंड तर अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. आणि सहाण धुतली तरी हाताचे काय? आमच्या गावात किती बाया मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात! तंबाखूतले निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. त्याच बोटाने बाळाला गुटी चाटवायची, तर आधी साबण हवा.

आणि वेळही हवा. सकाळी हजार विड्यांचा हिशेब डोक्यात असलेली बाई आठ जिनसा उगाळत बसेल कशी? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांना पाळणाघर नव्हते. म्हणून आज कोणी तयार बाटली आणते तेव्हा तिला आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मात्र बाटलीकडेही डोळे उघडून पाहावे. आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे मद्यार्क तयार होतो. वैद्याला विचारल्याशिवाय ती लहान मुलाला देऊ नयेत. नुसते गोड करण्यातही धोका असतो. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे गोळीत चालणारे औषध गोड, पातळ करून विकले. त्यासाठी वापरलेल्या डायएथिलीन ग्लायकॉलने शंभरावर माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले होती.

आमच्या घरचा तंटा मधावरून झाला. ताई बाळंतपणाला आली, ती अजून माहेरीच आहे. बाळ आठ महिन्यांचे. खोकला झाला तेव्हा वैद्यांनी थोडे सितोपलादि चूर्ण द्यायला सांगितले. (खडीसाखर सोळा भाग, मग वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक, दर पायरीला निम्मे, अगदी घसाऱ्याच्या गणितासारखे!) आजीने मधाची बाटली काढली. वर्षाच्या आत मध नको, त्यातून बोट्युलिझम नावाचा आजार होऊ शकतो, हे डॉक्टरांनी ताईला बजावले होते. आजी फणकारली, “मधाबिगर चाटण कसलं रं? तुमी समदी मधावरच वाढलासा न्हवं?” वैद्यांनाच फोन लावला. ते म्हणाले, “तुपात द्या.” आजी दोन दिवस ताईशी बोलली नाही, पण तूप तिनेच कढवले.

काकूंचा प्रश्न निराळा. त्यांनी धाकट्यासाठी अडुळशाचे औषध आणले. त्याला आपल्या कानडी शेजारीण आडुसोगे म्हणतात, झाड एकच. बाटलीवरची मात्रा मात्र ना मराठीत, ना कन्नडमध्ये, फक्त बारीक इंग्रजीत. काकू ‘एक चमचा’ म्हणून आमटीच्या चमच्याने द्यायच्या. मी तो मापून पाहिला: पाच मिलिलिटरच्या जागी बारा भरले. मग टोपणावर वैद्यांनी सांगितलेल्या मापाशी ताईच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढली आणि तो चमचा आमटीत परत ठेवला. आता शेजारच्या दोघी आपापली टोपणे घेऊन रेघ मारून घ्यायला येतात.